प्रोग्रॅमने काय कोणाला सांगावे : उत्तर, तक्रार आणि नोंद यांच्या वेगळ्या वाटा

संस्कृत नाटकात पात्राचे बोलणे कोणी ऐकायचे याचे नियम ठरलेले आहेत. सर्वांनी ऐकायचे ते सर्वश्राव्य, म्हणजे 'प्रकाश'. रंगमंचावरच्या दुसऱ्या कोणीही ऐकायचे नाही ते अश्राव्य, म्हणजे 'स्वगत'. आणि ठरावीक माणसानेच ऐकायचे ते नियतश्राव्य. 'जनान्तिक' हा त्यातलाच एक प्रकार. आपल्या मराठी रंगभूमीने यात आणखी एका आवाजाची भर घातली, तो विंगेतल्या प्रॉम्प्टरचा. तो नटाला ऐकू जायलाच हवा आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जाता कामा नये. प्रॉम्प्टर मोठ्याने बोलला की नाटक बिघडते. अगदीच गप्प बसला तरी बिघडते.

साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत संगणकाच्या संदेशांवर बोलायचे ठरवले तेव्हा काही स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. पण हा विषय मला यंत्राचा वाटत नाही, भाषेच्या व्यवहाराचा वाटतो. कोणते वाक्य कोणासाठी आहे, ते त्याच्याकडेच पोचते का, आणि नको त्याच्या कानी पडते का, एवढाच हा प्रश्न आहे. मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. दवाखान्याच्या नोंदी ठेवण्यासाठी वीसेक वर्षांपूर्वी थोडे प्रोग्रॅमिंग शिकलो आणि तो नाद सुटला नाही, इतकाच माझा अधिकार.

गोष्ट अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू होते. १९६९ च्या सुमारास केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्स ही कार्यप्रणाली उभी करायला घेतली. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमला आत येण्याची एक वाट असे आणि बाहेर जाण्याची एक. १९७३ साली तिथे 'पाइप' आला. ही कल्पना डग मॅकिलरॉय यांची होती. बागेतल्या रबरी नळ्या एकीला एक जोडाव्यात तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, असे ते कितीतरी आधीपासून म्हणत होते. एका प्रोग्रॅमच्या बाहेरच्या वाटेवरून जे पडेल ते थेट दुसऱ्याच्या आत जायचे.

अडचण होती ती तक्रारींची. समजा, आपल्या ग्रंथालयाच्या चार फायलींतून एक प्रोग्रॅम लेखकांची आडनावे काढतो, दुसरा ती अकारविल्हे लावतो आणि तिसरा ती मोजतो. चारपैकी एक फाइल सापडली नाही. पहिला प्रोग्रॅम प्रामाणिकपणे सांगतो, 'फाइल उघडता येत नाही'. पण सांगतो त्याच वाटेवर, जिथून आडनावे चालली आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅमला काय कळणार? तो ती ओळही अकारविल्हे लावतो. फडके यांच्यानंतर आणि बालकवींच्या आधी 'फाइल उघडता येत नाही' या नावाचे एक नवे साहित्यिक यादीत विराजमान होतात. तिसरा प्रोग्रॅम त्यांनाही मोजतो. एकूण आकडा येतो, तो नीटनेटका दिसतो, आणि एक अख्खी फाइल वगळली गेली आहे हे कोणालाच कळत नाही.

हा दोष दूर करायला निमित्त झाले ते एका छपाईयंत्राचे. बेल लॅब्समध्ये प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी करणारे फोटोटाइपसेटर नावाचे यंत्र होते. त्यातून निघालेली कागदाची लांबलचक पट्टी उग्र वासाच्या रसायनांच्या यंत्रातून काढावी लागे आणि काही मिनिटांनी अक्षरे उमटत. स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितलेली आठवण अशी की, एका दुपारी अनेकांनी हा सगळा खटाटोप केला आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती सुबक टाइपात जुळवलेली एकच ओळ आली : अमुक फाइल उघडता येत नाही. कुरकुर झाली, ती योग्य माणसांच्या कानावर गेली, आणि दोनच दिवसांत तक्रारींसाठी स्वतंत्र वाट तयार झाली. छापखान्याशी संबंध आलेल्या कोणालाही ही गोष्ट पटेल. मुद्रितशोधकाने समासात लिहिलेली सूचना मजकुरात छापली गेल्याची उदाहरणे आपल्याकडेही कमी नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतःच तीन वाटा मिळतात. त्यांना प्रवाह म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. ० हा आत येणारा, स्टँडर्ड इनपुट. १ हा उत्तराचा, स्टँडर्ड आउटपुट. २ हा तक्रारीचा, स्टँडर्ड एरर. पडद्यावर १ आणि २ एकत्रच दिसतात, म्हणून नवशिक्याला वाटते की दोन्ही एकच आहेत. पाइप लावला किंवा उत्तर फायलीत वळवले की फरक दिसतो : उत्तर पुढे जाते, तक्रार माणसाच्या डोळ्यांसमोर राहते.

'एरर' या नावाने मात्र घोटाळा केला. दुसरा प्रवाह फक्त चुकांसाठी आहे असा समज झाला. युनिक्सच्या मानकात शब्द आहे तो निदानासाठीच्या मजकुराचा. प्रोग्रॅम स्वतःविषयी जे काही बोलेल ते सारे इथे : इतके टक्के काम झाले, अमुक ठिकाणी थांबलो, तमुक मिळाले नाही. म्हणूनच गिटसारखा प्रोग्रॅम दूरच्या संगणकावरून फायली उतरवताना प्रगतीचे आकडे दुसऱ्या प्रवाहावर दाखवतो. त्यात चूक काहीच नसते. काही संपादक-प्रोग्रॅम या प्रवाहावरचे सगळे लाल रंगात दाखवतात आणि विद्यार्थी घाबरतो. लाल म्हणजे बिघाड नव्हे, लाल म्हणजे 'हे उत्तर नाही' इतकेच. मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, रोगाचे निदान आणि 'निदान एवढे तरी'. दुसऱ्या प्रवाहाला दोन्ही लागू पडतात.

आता डीबगरकडे वळू. प्रोग्रॅम चुकतो तेव्हा तो नेमका कुठे चुकतो हे पाहण्यासाठी जो दुसरा प्रोग्रॅम वापरतात तो डीबगर. तो पहिल्याला हव्या त्या ओळीवर थांबवतो, त्याच्या पोटात त्या क्षणी काय आहे ते दाखवतो आणि मग एकेक पाऊल पुढे चालू देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा यातला जुना आणि अजून वापरात असलेला डीबगर. तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला जीडीबीच्या परिभाषेत 'इन्फिरिअर' म्हणतात. या नावात मला जरा उद्धटपणा वाटतो, पण ते रूढ आहे.

डीबगर चालू झाला की एकाच पडद्यावर कमीत कमी तीन जण बोलू लागतात. तपासला जाणारा प्रोग्रॅम स्वतःची उत्तरे आणि तक्रारी सांगत असतो. डीबगर आपल्या प्रश्नांना उत्तरे देत असतो : 'या क्षणी वयाची किंमत ६२ आहे'. आणि डीबगरच्या स्वतःच्याही अडचणी असतात : 'या फायलीत ओळींची माहिती सापडली नाही'. हे तिन्ही आवाज एकात एक मिसळले तर 'फाइल सापडत नाही' हे वाक्य कोणाचे? माझ्या प्रोग्रॅमचे की डीबगरचे? पहिले असेल तर दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये. दुसरे असेल तर माझा प्रोग्रॅम ठणठणीत आहे आणि मी निरोग्याला औषध देतो आहे.

जीडीबीने यावर काढलेला उपाय साधा आहे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने जीडीबीला चालवायचे असेल तेव्हा तो प्रत्येक ओळीच्या आरंभी एक चिन्ह लावतो. ~ असेल तर ते डीबगरने माणसाला दिलेले उत्तर. @ असेल तर तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचे बोलणे, विशेषतः तो दुसऱ्या यंत्रावर चालू असतो तेव्हा. & असेल तर डीबगरची स्वतःच्या कामाची नोंद. नाटकाच्या संहितेत संवादाआधी पात्राचे नाव लिहितात, तसेच हे. एकट्याने पडद्यावर काम करणाऱ्यालाही सोय आहे : तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचे सारे बोलणे दुसऱ्या खिडकीत वळवण्याचा आदेश जीडीबीत आहे. तो फार थोडे लोक वापरतात, याचे मला नवल वाटते.

नव्या पद्धतीच्या संपादकांत ही शिस्त आणखी कडक लागते. तिथे संपादक आणि डीबगर हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात आणि ते एका ठरलेल्या बोलीत निरोप पाठवतात. मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोडसाठी तयार केलेली डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल ही तशीच एक बोली. प्रत्येक निरोपाआधी मजकुराची लांबी बाइटमध्ये सांगायची, मग एक ओळ मोकळी आणि मग मजकूर. पुष्कळदा हे निरोप अ‍ॅडॅप्टरच्या पहिल्या प्रवाहावरूनच जातात. म्हणजे तो प्रवाह माणसासाठी उरलेलाच नाही, तो टपालाचा रस्ता झाला. अशा वेळी अ‍ॅडॅप्टर लिहिणाऱ्याने सहज पाहावे म्हणून 'इथपर्यंत आलो' अशी एक ओळ तिथे छापली, तर संपादकाला लांबीच्या जागी भलतेच शब्द दिसतात आणि संभाषण तुटते. गंमत अशी की दोष शोधायला घातलेल्या ओळीनेच नवा दोष निर्माण केला. अशा नोंदी दुसऱ्या प्रवाहावर किंवा वेगळ्या फायलीत जायला हव्यात. आणि माणसाला दाखवायचे असेल ते त्या बोलीतच, 'हे उत्तराचे', 'हे तक्रारीचे', 'हे डीबगरचे' असे वर्ग सांगून पाठवायचे असते. तशी तरतूद तिच्यात केलेली आहे.

इथवरचे सगळे जागेविषयी झाले. यापुढचा मुद्दा वेळेचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीची निदाने इथेच होतात.

अभियांत्रिकीला असलेला माझा पुतण्या एका रविवारी वैतागून म्हणाला, ''काका, प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला मरतोय, आणि डीबगर म्हणतोय चाळिसाव्या ओळीला मेला. डीबगर खोटं बोलतोय!'' त्याने प्रत्येक टप्प्यावर एकेक ओळ छापायला लावली होती, सारे उत्तर फायलीत वळवले होते, आणि फाइल रिकामी होती. मी म्हटले, ''अरे, डीबगरवर का रागावतोस? तुझं वडाप भरलंच नव्हतं.''

आपल्या भागात वडाप म्हणजे काय ते सांगायला नको. शेवटची सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही. पहिल्या प्रवाहाचे तसेच आहे. प्रत्येक अक्षर लगेच पोचवणे खर्चिक, म्हणून प्रोग्रॅम ती बफर नावाच्या जागेत साठवतो. समोर पडदा असेल तर सहसा ओळ संपली की पाठवतो. पण समोर फाइल किंवा पाइप असेल तर काही हजार बाइट जमेपर्यंत जीप उभीच. प्रोग्रॅम नीट संपला तर उरलेले प्रवासी शेवटी पोचवले जातात. तो मध्येच कोसळला तर जीपमध्ये बसलेले सगळे जीपसकट गेले. पुतण्याचा प्रोग्रॅम खरोखरच चाळिसाव्या ओळीपर्यंत पोचला होता; त्याची साक्ष देणाऱ्या ओळी बफरमध्येच राहिल्या.

दुसरा प्रवाह मात्र थांबत नाही. सी भाषेच्या मानकातच म्हटले आहे की स्टँडर्ड एरर पूर्ण बफर भरेपर्यंत रोखून धरायचा नाही. प्रत्यक्षात तो बहुधा लगेचच पोचवला जातो. एकच प्रवासी असला तरी निघणारी रिक्षा. कोसळण्याआधीचे शेवटचे शब्द हवे असतील तर ते दुसऱ्या प्रवाहावरच लिहायला हवेत. पायथनचे नोंदी ठेवण्याचे साधनही त्यामुळेच, वेगळे काही सांगितले नसेल तर, तिथेच लिहिते.

याच कारणाने दोन्ही प्रवाह एका फायलीत एकत्र केले की क्रम बिघडतो. रिक्षा आधी पोचते, वडाप मागून. तक्रार वर दिसते आणि ती ज्या कामामुळे उद्भवली त्याची नोंद खाली. रुग्णाने आधी पुरळ आले म्हणून सांगावे आणि ताप आधी आला होता हे नंतर कळावे, तशातला प्रकार. डीबगरमध्ये प्रोग्रॅम थांबवलेला असतानाही हेच होते : छापण्याची ओळ ओलांडून आपण पुढे आलो, पण खिडकीत काहीच नाही. ती ओळ चाललीच नाही असे मानू नये. बफर रिकामा करण्याचा आदेश द्यावा, मग बोलावे.

एकत्र करण्याच्या आदेशातही एक खोच आहे. २>&१ याचा अर्थ 'दुसरा प्रवाह आता पहिला जिथे जातो आहे तिथे न्या'. (खऱ्या आदेशात रोमन अंक लागतात, देवनागरी अंक यंत्राला इथे कळत नाहीत.) आदेश डावीकडून उजवीकडे वाचला जातो. आधी > फाइल आणि मग २>&१ लिहिले तर दोन्ही फायलीत जातात. उलट लिहिले तर दुसरा प्रवाह पहिल्याच्या जुन्या जागी, म्हणजे पडद्यावर जातो, आणि मग एकटा पहिला फायलीत वळतो. शब्द तेच, क्रम बदलला की अर्थ बदलला.

याहून वाईट म्हणजे तक्रार कुठेच न पाठवणे. युनिक्समध्ये डेव्ह-नल नावाची एक अथांग विहीर आहे. तिच्यात टाकलेले परत येत नाही. आमच्या भागातल्या एका रुग्णालयात रोज रात्री दोन वाजता नोंदींची दुसरी प्रत करणारा प्रोग्रॅम बसवलेला होता. बसवणाऱ्याला रोज सकाळी येणाऱ्या फुटकळ इशाऱ्यांचा कंटाळा आला आणि त्याने दुसरा प्रवाह विहिरीत सोडला. पुढे प्रत ठेवायची डिस्क भरली. प्रोग्रॅम रोज रात्री 'जागा शिल्लक नाही' म्हणून ओरडत होता आणि रोज सकाळी पहिल्या प्रवाहावरचे 'काम पूर्ण' हे वाक्य कारकुनाच्या पडद्यावर हजर होते, कारण ते वाक्य काम झाले की नाही हे न पाहताच छापले जात होते. मूळ डिस्क बिघडली तेव्हा सात महिन्यांच्या नोंदी नव्हत्या. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले रुग्ण होते, ज्यांची मात्रा आधीच्या तपासण्या पाहूनच ठरवायची असते. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

त्या माणसाचा कंटाळा मात्र समजण्यासारखा आहे. फुटकळ आणि गंभीर तक्रारी एकाच आवाजात सांगितल्या की माणूस दोन्हींकडे दुर्लक्ष करू लागतो. १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग तयार केले, त्यात संदेशांना पायऱ्या आहेत. ० म्हणजे सारे काही कोसळले, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे साधी माहिती, ७ म्हणजे फक्त डीबग करणाऱ्यासाठी. एकूण आठ. पायरी ठरली की वाट ठरवता येते : सातवी फायलीत, चौथी रोजच्या यादीत, शून्य थेट माणसाच्या हातात.

पायऱ्या नसल्या तर काय होते याचे वैद्यकातले उदाहरण तेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा मिळाली. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे यंत्र थांबले आणि पडद्यावर आले : 'मॅलफंक्शन ५४'. यंत्राजवळच्या कागदावर त्याचा जो अर्थ दिला होता त्यावरून काहीच बोध होत नव्हता. किरकोळ थांबे नेहमीचेच होते आणि पुढे चालू ठेवायला एक कळ पुरत असे. चालकबाईंनी ती दाबली. आत रुग्णाला दुसरा झटका बसला. त्या खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि बोलण्याची यंत्रणा बंद होती, म्हणून त्याचे ओरडणे बाहेर पोचले नाही. काही महिन्यांनी तो रुग्ण दगावला. मूळ दोष प्रोग्रॅममध्ये होता, संदेशात नव्हता, हे खरे. पण जीवघेणा बिघाड आणि रोजची कुरकुर एकाच चेहऱ्याने समोर आली नसती तर दुसरा झटका टळला असता, असे मला वाटते.

शेवटी नोंदवहीविषयी. तक्रारी आणि नोंदी व्यवस्थित वळवल्या की त्या साठतात, आणि बहुधा त्या प्रोग्रॅम पुरवणाऱ्याच्या संगणकावर जातात. डीबग करताना सोय म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा पूर्ण नोंदच छापतो : नाव, वय, फोन, आजार. पहिल्या प्रवाहावर जे सांगायला तो दहा वेळा विचार करील ते नोंदवहीत सहज जाते, कारण तिथे कोणी वाचत नाही अशी त्याची समजूत असते. रुग्णाने मला जे सांगितले ते नियतश्राव्य आहे. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये मी नोंदवहीत फक्त नोंदणी क्रमांक आणि वेळ जाऊ देतो. नाव कोणत्याही पायरीवर छापले जात नाही. सातव्या पायरीच्या नोंदी तीस दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, चौथीपासून वरच्या वर्षभर राहतात. नवीन प्रोग्रॅम घेताना विक्रेत्याला मी हेच विचारतो की तुमच्या नोंदवहीचे एक पान दाखवा. बहुतेकांना हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेलेला असतो.